मागायला शिकवणारी माणसं

शिरूर-दौंडच्या गावागावांतून एसटीने, रेल्वेने, दुचाकीवर आलेल्या कार्यकर्त्यांनो,

स्वागत समितीच्या वतीने केडगावातल्या या परिषदेत आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची थोरवी गायची, असा प्रघात आहे. केडगावला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथेच आहे.

रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातल्या उपासमारीने गेले. पुढे 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाईंच्या कामासाठी असोसिएशन स्थापन झालं आणि अमेरिकेत ठिकठिकाणी मंडळं निघाली. हिंदुस्थान कधी न पाहिलेल्या माणसांनी इथल्या बालविधवांसाठी दहा वर्षं वर्गणी द्यायचं कबूल केलं. जगातली गरिबी हटवायला आपल्या गल्लीत बसून काय होणार, असं विचारणाऱ्याला हे जरूर सांगा. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली इकडे आणल्या.

त्याच दुष्काळात टिळकांच्या पुढाकाराने पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव हिंडत होती. त्यांच्याकडे धान्य नव्हतं. सरकारचाच फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळ संहिता, ती मराठीतून समजावून सांगत: पीक बुडालं असेल तर साऱ्याची सूट मागा, भांडी विकून सारा भरू नका. धान्य वाटण्यापेक्षा हेच सरकारला जास्त झोंबलं. 1897 मध्ये सभेची मान्यता काढून घेतली गेली. टिळक आणि रमाबाई यांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. आज ते एका व्यासपीठावर आले असते तर आमच्या समितीची धावपळ झाली असती!

काम दोघांचंही लागतं. पण माझं मत विचाराल तर आपल्याकडे वाटणारे हात पुष्कळ, हक्क सांगणारी तोंडं कमी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेली माणसं आजही गावात भेटतील. त्या काळात आकाराला आलेल्या रोजगार हमीचा 1977 मध्ये कायदा झाला: काम मागा, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता मागा. पण मागणीचा अर्ज दिल्याची तारीख घातलेली पोच हातात नसेल, तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? ती पोच घेईपर्यंत खिडकीपाशी उभा राहतो, त्याला मी कार्यकर्ता म्हणतो.

आता आपल्या दारातलं बघू. कालव्याच्या पाण्याने दौंड आणि शिरूरचा बराच भाग बागायती झाला, ऊस आला. त्यामागोमाग बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आल्या, गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले मजूर आले. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता थांबत नाही, पोरं कोपीपाशी. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात मिळू शकतं, हे त्यातल्या कितीजणांना कुणी सांगितलं? जागतिक बँक दिवसाला 3 डॉलरची दारिद्र्यरेषा आखते. ती रेषा आपल्या उसाच्या फडातूनही जाते, आणि फड आपलाच असल्याने ते बोलायला जड जातं. म्हणूनच ही परिषद बागायतदारांच्या गावात घ्यायचा आग्रह मी धरला. काहींना तो रुचला नाही, हेही सांगून टाकतो.

जेवणाला पिठलं-भाकरी आणि गूळ आहे. दुपारी अर्ज लिहिण्याचं सत्र आहे. कोरे कागद समितीने आणलेत, पेन मात्र आपापलं काढा. काही कमी पडलं तर हक्काने मागा.