कॅमेरा कोणाच्या हाती?



सार्वजनिक जागेची चर्चा बहुधा मैदाने, पदपथ आणि चौपाट्या यांच्यापुरतीच होते. रस्त्यावर बसविलेला पाळतीचा कॅमेरा तीत येत नाही. वस्तुतः तो टिपतो सर्वांना आणि दाखवितो मात्र मोजक्यांनाच. हा एकतर्फी व्यवहार पालटण्याचे काम मुंबईच्या चित्रफीतकार शायना आनंद चिकाटीने करीत आल्या आहेत.

२००६ साली दिल्लीच्या खिडकी वस्तीत त्यांनी घरे व दुकाने यांतील दूरचित्रवाणी संचांना स्वस्त कॅमेरे आणि मायक्रोफोन जोडले. शेजारी पडद्यावर एकमेकांना पाहून बोलू लागले. मध्ये निवेदक नव्हता. २००८ साली मँचेस्टरमध्ये त्यांनी सामान्य नागरिकांना पाळतीच्या नियंत्रण-कक्षात नेले. २००९ साली, मुंबईत २००७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘कॅम्प’ या गटाने, पूर्व जेरुसलेममधील पॅलेस्टिनी कुटुंबांच्या हाती कॅमेऱ्याचे नियंत्रण दिले. त्या कुटुंबांनी आपली गमावलेली घरे त्यातून न्याहाळली आणि त्यांवरचे भाष्यही स्वतःच केले.

याच गटाची ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ ही २०२२ ची कृती मध्य मुंबईतील एका उत्तुंग इमारतीवरील एकाच कॅमेऱ्याने टिपलेली आहे. सात पडद्यांवर दृष्टी मनोऱ्यांवरून खाली वस्तीकडे उतरते.

या उताराला इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी ठरविला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. शहराच्या हक्काची जमीन अशा रीतीने एका शब्दाच्या व्याख्येत आटली.

चित्रफितीने कामगाराला खोली मिळणार आहे काय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. खोली लढ्यानेच मिळेल. परंतु २००१ ची दुरुस्ती झाली ती कागदावर, सामान्यांच्या नजरेआड. ध्यानात आली तेव्हा मनोरे उभे राहू लागले होते. आपल्या वस्तीवर कोण पाहतो, कशासाठी पाहतो आणि ते चित्रण कोणाच्या ताब्यात राहते, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला हवा. पालिकेच्या प्रत्येक प्रभागात, नकाशाइतक्याच आग्रहाने, या प्रश्नाचेही उत्तर मागितले गेले पाहिजे.