विचारणाऱ्याचा गुन्हा कोणता?
(नामपूर येथील डाळिंब उत्पादकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने सर्वांना बरे वाटेल असे बोलावे, वादाच्या विषयाला लांबूनच नमस्कार करावा आणि आभारप्रदर्शनाला उशीर होऊ देऊ नये, असा आपल्याकडील सभांचा शिरस्ता आहे. परंतु सकाळच्या बैठकीत जो ठराव मांडला गेला, आणि ज्याला टाळ्याही भरपूर पडल्या, तो ऐकल्यानंतर हा शिरस्ता पाळणे मला जमणार नाही. ठरावाचा आशय असा, की आपल्या शंकासमाधानाच्या बैठकींचा दर्जा खालावला आहे, त्याच त्या प्रश्नांनी जाणकारांचा वेळ फुकट जातो, सबब ज्याचे उत्तर पूर्वी एकदा दिले गेले आहे असा प्रश्न यापुढे घेऊ नये, आणि ज्याच्या बागेने अद्याप एकही बहर दिलेला नाही त्याने वर्षभर केवळ श्रवण करावे. बैठकींची प्रकृती बिघडली आहे, एवढे मला मान्य आहे. इलाज मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशा जातीचा आहे.

प्रश्न वाईट येतात हे मी नाकारीत नाही. ‘झाड पिवळं पडलंय, काय मारू?’ हा आपल्याकडचा नित्याचा प्रश्न. त्यात जमीन हलकी की भारी, झाडाचे वय काय, बहर कोणता धरला, पाणी किती वेळ सोडले, यांपैकी कशाचाही पत्ता नसतो. पण असा प्रश्न करण्यास त्याला शिकविले कोणी? औषधाच्या दुकानात उभे राहिले की उत्तर म्हणून बाटलीचे नाव मिळते, तेही झाड न पाहता मिळते. आणि तोच माणूस आपल्या बैठकीत आला तर आपण तरी त्याला निराळे काय देतो? एक जण बुरशीनाशकाचे नाव सांगतो, दुसरा सूक्ष्म अन्नद्रव्याचे, तिसरा ‘आमच्याकडे अमुक सोडलं, आठ दिवसांत काळोखी आली’ म्हणून छातीठोकपणे ग्वाही देतो; पण आधी घरी जा आणि झाडाच्या बुडाशी कुदळ मारून ये, असे म्हणणारा एकही निघत नाही.

वास्तविक त्या पिवळ्या झाडाचा निकाल बुडाशीच लागायचा असतो. मुळ्या उकरल्यावर त्यांवर गाठी आढळल्या तर ते सूत्रकृमींचे काम. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असून त्यांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर ते पिन होल बोररचे. वाळत चाललेले खोड आडवे कापले असता आतल्या लाकडात तपकिरी-काळे डाग पसरलेले दिसले, तर ती सेरॅटोसिस्टिस बुरशीची मर. आणि यांपैकी काहीही नसून मुळाशी नुसता चिखल झाला असेल, तर दोष रोगाचा नव्हे, ठिबकची तोटी ज्याच्या हातात आहे त्याचा. कारणे चार, इलाज चार, आणि बांधावरून पाहणाऱ्याला झाड मात्र चारही वेळा सारखेच पिवळे! प्रश्न अपुरा होता हे खरे. परंतु अपुऱ्या प्रश्नाला पुरे उत्तर देणारा माणूस विचारणाऱ्यापेक्षा अधिक दोषी आहे, आणि त्याच्याविषयी ठरावात एक अक्षर नाही.

आता ‘उत्तर पूर्वी दिले गेले आहे’ ह्या सबबीकडे वळतो. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ साली निवडलेल्या ‘गणेश’ जातीने ह्या पिकाला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. गणेशाच्या बागांत वाढलेल्या वडीलधाऱ्यांची उत्तरे त्या काळी बिनचूकच होती. पुढे गणेशाची जागा ‘भगवा’ जातीने घेतली, जी तयार होण्यास अधिक दिवस घेते, आणि ती उत्तरे जशीच्या तशी चालेनाशी झाली. ‘बहर कोणता धरावा’ ह्या प्रश्नाला, विहिरीचा भरवसा नसलेल्या ह्या मुलखात, पावसाच्या पाण्यावर निभणारा मृग बहर हेच शहाणपणाचे उत्तर होते; पण ‘तेल्या’ रोग आला, दमट हवेत आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो बागेतून बागेत गेला, आणि ज्याच्या बागेत तो मुक्कामाला राहिला त्याला पावसाळा टाळून हस्त बहराकडे वळण्याचा सल्ला शास्त्रज्ञ देऊ लागले. प्रश्न अक्षरशः तोच, उत्तर उलटे! तेल्या हा जिवाणूचा रोग, नुसत्या बुरशीनाशकाने तो हटत नाही आणि छाटणीच्या कात्रीवरून तो झाडोझाडी पोहोचतो, हे आज आपण पाठ म्हणतो. पण हे न समजून आपल्या ह्या कसमादे पट्ट्यात केवढ्या बागा उपटल्या गेल्या ते ह्या मांडवातील निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षांत ‘याचे उत्तर झाले आहे, बसा खाली’ असा ठराव असता, तर जुने चुकीचे उत्तरच कायद्याने कायम झाले असते.

मग रोग कोठे आहे? माझ्या मते तो मागच्या दोन रांगांत आहे. ज्यांची बाग पाहण्यास परगावची माणसे गाड्या करून येतात, ज्यांचा माल निर्यातीला जातो, ते आमचे जाणते बागाईतदार बैठकीला येतात, मागे बसतात, चुकीचे उत्तर ऐकून शेजाऱ्याकडे पाहून हसतात आणि चहा घेऊन घरी जातात. कोणाला सांगून सांगून कंटाळा आलेला असतो, कोणाला उद्या बाग बसली तर दोष आपल्या माथी येईल ही धास्ती असते, आणि कोणाला (हे बोलणे झोंबेल, पण बोलतो) आपले फवारणीचे वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती पडू द्यायचे नसते. त्यांनी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तेथे ज्याला बाटली खपवायची आहे तो येऊन बसतो, आणि तो कधीही कंटाळत नाही.

येथल्याच मोसम नदीवर आपल्या पूर्वजांनी फड बागायत चालविली. बंधाऱ्याचे पाणी पाटकऱ्याने पाळीपाळीने द्यावे, जागल्याने पिकाची राखण करावी, हवालदाराने देखरेख ठेवावी, आणि ज्याच्या शेताला पाणी मिळाले त्याने पाट उपसण्याच्या कामाला हजर राहावे, अशी ती वहिवाट होती. आपल्या बैठकीत पाणी घेणारे सारे आणि पाट उपसणारा कोणी नाही. उत्तर घेऊन गेलेला माणूस महिन्याने परत येऊन ‘तुमच्या सांगण्याप्रमाणे केले, झाड वाचले’ किंवा ‘मेले’ असे सांगत नाही. सांगणाराही विचारीत नाही. त्यामुळे खरे आणि खोटे उत्तर एकाच भावाने चालते, आणि इतक्या वर्षांच्या बोलण्याचे आपल्यापाशी एक पानाचेही दफ्तर नाही.

कोणी म्हणेल, आता २००५ पासून सोलापुरास डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, राहुरीस विद्यापीठ आहे, आपल्या अडाणी चर्चेची गरज काय? त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, असे जे बोर्डो मिश्रण आपण सारे फवारतो, त्याची कुळकथा ऐका. फ्रान्सात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून, मोरचूद-चुन्याचा निळा राप देत असत. केवड्याने सारा मळा झोडपला असता तेवढ्याच वेली हिरव्या राहिल्या, हे बोर्डोच्या मिलार्दे ह्या प्राध्यापकाने पाहिले, मळ्याच्या कारभाऱ्याला कारण विचारले, प्रयोग केले, आणि १८८५ मध्ये ते जगापुढे ठेवले. विचारणारा प्राध्यापक होता, आणि सांगणारा मळ्यातला माणूस.

म्हणून मूळ ठरावाला माझी उपसूचना अशी: प्रश्न कोणाचाही घ्यावा, नवख्याचा प्रथम घ्यावा, उत्तर देणाऱ्याने आधी जमीन, वय, बहर आणि पाणी विचारावे, मूळ आणि खोड पाहिल्याखेरीज औषधाचे नाव तोंडातून काढू नये, ज्याचा माल विकण्यात स्वार्थ आहे त्याने तो उघड सांगून मग बोलावे, आणि दिलेल्या प्रत्येक उत्तराचा परिणाम पुढच्या बैठकीत वहीत नोंदवावा. ती वही सांभाळण्यास मी तयार आहे, पण तीत लिहिण्यासाठी मागच्या रांगांना पुढे यावे लागेल.

आता दोन्ही मताला टाकतो. तत्पूर्वी मूळ ठरावाच्या सूचकांनी व अनुमोदकांनी उभे राहून एवढाच खुलासा करावा, की गेल्या हंगामात त्यांनी स्वतःची सोडून कोणाकोणाच्या बागेत जाऊन झाडाचे खोड कापून पाहिले.