ग्रंथालयाचें कपाट आणि पाळण्यांतलें मूल

(गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वार्षिक सभेंत एका प्राथमिक शिक्षकांनीं केलेलें भाषण)



चिटणिसांनीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मास्तराचें चार शब्दांत भागत नाहीं, हें आपण जाणतांच. पण आज आम्ही उपदेश करावयास नव्हे, तर फिर्याद घेऊन उभे आहोंत.

चाळिशी उलटल्यावर यंदा आमच्या घरीं पाळणा हालला. वीस वर्षें आम्हीं लोकांचीं मुलें शिकविलीं. ट्रेनिंग कॉलेजांत बालमानसशास्त्राचा पेपर दिला व त्यांत गुणही बरे पडले. परंतु स्वतःचें मूल येणार म्हटल्यावर तो पेपर कोठच्या कोठें गेला. अडलें कीं पुस्तक उघडावें, ही आमची जुनी संवय. म्हणून आठवा महिना लागतांच संगोपनाचीं तीन पुस्तकें याच कपाटांतून घरीं नेलीं.

पहिल्या पुस्तकांत बाळाची खोली निराळी असावी, तिला पूर्वेस खिडकी असावी, दाईचे कपडे स्वच्छ असावेत, असें लिहिलें होतें. आमच्या घरांत खोल्या दोन, त्यांपैकीं एकींत चूल! आमच्या आळींतल्या आया दीड-दोन महिन्यांत पुन्हां खुरपें हातीं घेतात. बांधावर झोळींत निजलेल्या मुलास कधीं व कसें पाजावें, याविषयीं ग्रंथकारास एक ओळही सुचली नाहीं. त्याच्या लेखीं अशी आईच जगांत नाहीं.

दुसरें पुस्तक सुसंस्कारांचें. मूल रडकें निघालें तर दोष आईचा, हट्टी निघालें तर आईचा, काळें निघालें तरी आईचाच! बाप कोठें भेटतो म्हणून आम्हीं सारीं पानें उलटलीं. तो एकट्या अर्पणपत्रिकेंत सांपडला.

या दोन पुस्तकांनीं केवळ निराशा केली. तिसऱ्यानें मात्र घात केला असता. त्यांत असें होतें कीं, आईचें पहिलें घट्ट पिवळसर दूध, ज्यास आपण चीक म्हणतों, तें जड असल्यामुळें पिळून टाकावें आणि तोंवर बाळास मधाचें बोट चाटवावें. आमच्या मातोश्रींचेंही मत तेंच. एरवीं आम्हीं त्यांच्याशीं वाद घातला असता, पण येथें छापील आधार सांपडला! बाळंतपण सरकारी दवाखान्यांत झालें, तेव्हां मधाची वाटी म्हातारीच्या हातीं आम्हींच दिली. नर्सबाईंनीं ती काढून घेतली व म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीसुद्धां?" बंधूंनो, त्या दोन शब्दांची लाज अजून गेली नाहीं.

त्या बाईंनीं जें सांगितलें तें येथील प्रत्येक घरीं पोंचावें. चीक हा टाकावयाचा नव्हे. रोगाशीं झुंजण्याचें बळ बाळास त्यांतून मिळतें. जन्मल्यापासून एका तासाच्या आंत बाळास अंगावर घ्यावें. पुढें सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं नको, पाणीदेखील नको. औषध तेवढें डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मधांत कधीं कधीं एका जंतूचें बीज असतें. मोठ्यांस तें बाधत नाहीं, पण तान्ह्याच्या आंतड्यांत तें रुजून विष तयार करतें. म्हणून वर्षाच्या आंत मधाचें बोटही लावूं नये. दवाखान्यांत बाळंतपण झालें असल्यास आशाताईंनीं ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं, अशा सहा वेळां घरीं यावयाचें असतें. त्यांस दारांतून परत पाठवूं नका.

लेखकानें तें लिहिलें तेव्हां त्याला हें ठाऊक नसेल. त्यास आम्ही फार दोष देत नाहीं. पण आज तें पुस्तक कपाटांत ठेवणारे आपण आहोंत. आजीची चूक घरापुरती राहते. छापील चूक गांवभर फिरते, आणि नुकताच वाचावयास शिकलेला मनुष्य तर छापील अक्षरास देव मानतो.

मुलांच्या कप्प्याचीही तीच गत. जुन्या गोष्टींत राजा, राजपुत्र आणि गरीब ब्राह्मण. शेतकरी आलाच तर हंसें करून घेण्यापुरता. नव्या गुळगुळीत पुस्तकांत बर्फ पडतो व सफरचंदें लागतात. आमच्या मुलाच्या डोळ्यांपुढची ज्वारी, ओढा, खिल्लारी बैल यांत कोठेंच नाहीं.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाचे जाणते गृहस्थ अमेरिकेहून आणविले, गांवोगांव ग्रंथालयें काढविलीं आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरविल्या. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयाचे पांच नियम मांडले. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळावें, हा त्यांतला एक. महाराष्ट्रांत ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. मग कपाटाला कुलूप आणि पुस्तकांना धूळ, हा दोष आतां कोणाच्या माथीं मारावयाचा?

आमचीं मागणीं चार आहेत. आरोग्याचीं सर्व पुस्तकें वर्षांतून एकदां डॉक्टर व नर्सबाईंकडून तपासून घ्यावींत. चुकीचीं ठरतील तीं जाळूं नयेत, पण "जुनें, आचरूं नये" अशी चिठ्ठी लावून निराळीं ठेवावींत. टेबलावर एक वही ठेवावी व वाचकानें पुस्तक परत करतांना बरें-वाईट मत तींत लिहावें. खरेदीच्या कमिटींत लहान मुलांच्या दोन आया घ्याव्यात. चौथें काम आम्ही पत्करतों: शाळेंतील मुलांकडून त्यांच्या आज्यांच्या गोष्टी व ओव्या उतरवून घेऊन त्यांची हस्तलिखित वही वर्षाच्या आंत या कपाटांत आणून ठेवूं.

जातां जातां एक. आज आम्ही वर्गणी दोघांची भरणार आहोंत. दुसरें नांव पाळण्यांतल्या सभासदाचें. सहा वर्षांनीं तो स्वतःच्या हातानें हें कपाट उघडील. त्या वेळीं त्यास काय सांपडावें, हें आपण या सभेंतच ठरवावें, एवढी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.