बाहीतलं माकड

धो-धो पाऊस आला की इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात. डच भाषेत मात्र तंबाखूच्या मातीच्या पाइपांच्या लांब, सरळ दांड्या पडतात. चीजमुळे ठाऊक असलेलं गौडा शहर एके काळी असल्या पाइपांसाठीही नावाजलेलं होतं. आपल्या मुसळधार पावसाला ही दांडीच जवळची, नाही का?

आता इंग्रजी ‘गिव्ह अप’ घ्या, म्हणजे हार मानणं. डचमध्ये तेच दोन तुकडे उलटे जोडून ‘ओपखेव्हन’ होतं. वाक्यात मात्र ते सुटतात: ‘इक खेफ हेट ओप’. शेजारी ‘आय गिव्ह इट अप’ ठेवा, सख्खी भावंडंच!

आणि बिंग फुटलं, तर? इंग्रजांच्या पिशवीतून मांजर निघतं, डचांच्या बाहीतून माकड.