आकार बदलण्याचं ऑपरेशन : कर्ज मागण्याआधी, कर्ज देण्याआधी

प्रतापगडच्या बचत गटांकडून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील. कमी करा, पण बंद करू नका.

विषय आहे कुल्ल्यांचा. पुस्तकात त्यांना नितंब म्हणतात. त्यांचा आकार वाढवायची, कमी करायची, वर उचलायची ऑपरेशनं आता निघाली आहेत, आणि त्यांच्या जाहिराती आपल्या पोरींच्या मोबाईलवर येतात. "आठ दिवसांत नवं रूप, सोप्या हप्त्यांत" असं त्यात लिहिलेलं असतं. पोरी त्या बघतात. खरं सांगायचं तर आपणही बघतो.

हा विषय आम्ही काहून घेतला? आपल्या भागातल्या एका गटात एका ताईंनी आरोग्यासाठी म्हणून कर्ज मागितलं. कारण विचारलं तेव्हा कळलं, की शहरात कामाला असलेल्या त्यांच्या मुलीला असं ऑपरेशन करायचं आहे. दोघी-तिघी हसल्या. त्या ताई उठून गेल्या आणि पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो, मुलीशी बोललो, माहिती घेतली. तीच माहिती आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शरीर समजून घेऊ. आपल्या शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू कुल्ल्यांत असतो. खालून उठताना, चढ चढताना, डोक्यावर भारा घेऊन चालताना तोच काम करतो. त्याच्यावर चरबीचा थर असतो. मुलगी वयात आली की संप्रेरकांमुळे चरबी कंबरेखाली आणि मांड्यांवर साठू लागते. बाळंतपणात आणि अंगावर पाजताना शरीर तो साठा वापरतं. पाळी गेल्यावर चरबी पोटाकडे सरकते. पोटाभोवतीच्या चरबीनं मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, तितका कंबरेखालच्या चरबीनं वाढत नाही. म्हणजे कुणाचे कुल्ले भारी, कुणाचे सपाट, हा आजार नाही. बराचसा आईकडून, आजीकडून आलेला वारसा आहे.

आता ऑपरेशनं कोणती ते बघू. पहिल्या प्रकारात पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीनं ओढून काढतात, स्वच्छ करतात आणि कुल्ल्यांत भरतात. याला ब्राझिलियन बट लिफ्ट किंवा बीबीएल म्हणतात. भरलेली सगळी चरबी टिकत नाही. काही भाग शरीर पुढच्या महिन्यांत शोषून घेतं. दुसऱ्या प्रकारात सिलिकॉनची गादी आत बसवतात. तिथे जखम उकलणं, पू होणं, गादी सरकणं हे धोके असतात. तिसऱ्या प्रकारात खूप वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी कापून शिवतात. त्याचा लांब व्रण राहतो. चौथा प्रकार फक्त इंजेक्शनचा. तो सगळ्यात सोपा वाटतो, म्हणून त्याबद्दल जास्त सावध राहायचं.

यातल्या पहिल्या प्रकाराचा धोका नीट ऐका. कुल्ल्याच्या स्नायूत मोठ्या शिरा असतात. सुई खोल गेली आणि चरबी शिरेत शिरली, तर ती हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकते. मग बाई टेबलावरच जाऊ शकते. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतल्या प्लास्टिक सर्जनांकडून माहिती गोळा केली, तेव्हा सुमारे ३,००० ऑपरेशनांमागे एक मृत्यू इतका धोका असू शकतो असा अंदाज निघाला. सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला हा धोका फार मोठा आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेनं आपल्या सभासदांना हे ऑपरेशन करू नका असं सांगितलं. २०२२ मध्ये त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली : चरबी फक्त कातडीखाली भरायची, स्नायूत नाही, आणि सुई कुठे आहे ते सोनोग्राफीवर बघत बघत. त्याच वर्षी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यानं एका सर्जननं दिवसाला तीनपेक्षा जास्त अशी ऑपरेशनं करायची नाहीत असा नियम केला. का? थकलेला हात चुकतो म्हणून.

इंजेक्शनचंही ऐका. २०२४ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये ३३ वर्षांची एक आई कुल्ल्यांत फिलरची इंजेक्शनं घेतल्यानंतर मरण पावली. आकारासाठी पातळ सिलिकॉन टोचून घेऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१७ मध्येच दिला होता. सिलिकॉन शरीरात पसरतं आणि पुन्हा पूर्ण काढता येत नाही.

आपल्या देशातलं बघायचं तर मे २०२२ मध्ये बंगळूरूला चेतना राज ही कन्नड मालिकांतली २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर गेली. आपल्याला आधी काही सांगितलं नव्हतं, असं तिच्या आईवडिलांनी नंतर सांगितलं. बायांनो, ही गोष्ट आपण घरी धरून ठेवू. पोरगी न सांगता जाते, कारण सांगितलं तर हसतील, रागावतील, ही तिला भीती असते. आपलं हसणं तिला एकटीला टेबलावर पाठवू शकतं.

मग प्लास्टिक सर्जरी वाईट का? मुळीच नाही. ही विद्या आपल्याच मातीत जुनी आहे. कावसजी नावाचा बैलगाडी हाकणारा इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या समाजातल्या वैद्यानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते छापून आलं आणि तिथले डॉक्टर त्यावरून शिकले. आज मोहफुलं वेचताना अस्वलानं फाडलेला चेहरा, चुलीवर भाजून आखडलेला हात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कुल्ल्यांवर झालेला खोल घाव, हे सगळं प्लास्टिक सर्जनच दुरुस्त करतात. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. भाजल्यानंतरच्या ऑपरेशनांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळते. चौकशीचा क्रमांक १५५३८८. नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला ना योजना लागू होते, ना विमा. उलट उपचाराला माफ असलेला जीएसटी त्यावर भरावा लागतो. हा सगळा खर्च लाखांत जातो.

आता प्रश्न. आम्ही त्या मुलीला हे कागदावर लिहून दिले होते. तुम्हीही लिहून घ्या.

एक : ऑपरेशन कोण करणार? त्या डॉक्टरकडे एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. ही प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? पार्लरचा कोर्स किंवा भिंतीवरचं चकचकीत सर्टिफिकेट म्हणजे पदवी नाही.

दोन : भूल देणारा डॉक्टर वेगळा आहे का? तिथे ऑक्सिजन आणि अतिदक्षता विभाग आहे का? रात्री त्रास झाला तर कुठे नेणार?

तीन : चरबी कुठल्या थरात भरणार? सोनोग्राफी लावणार का?

चार : आधी कोणत्या तपासण्या करणार? हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल आहे, आणि अंगात रक्त कमी असणाऱ्या बाया घरोघर आहेत. सिकलसेल असलेल्या बाईला भूल देताना वेगळी काळजी घ्यावी लागते. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासल्याशिवाय कोणत्याही मोठ्या ऑपरेशनला हो म्हणू नका. खर्रा किंवा तंबाखू खात असाल तर तेही डॉक्टरला सांगा. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो.

पाच : नंतर किती दिवस घरी? चरबी भरल्यावर दोन आठवडे किंवा जास्त दिवस नीट बसता येत नाही. पालथं किंवा कुशीवर झोपावं लागतं, घट्ट पट्टा बांधावा लागतो. रोवणीत वाकून उभं राहणं तर लांबच. तेवढ्या दिवसांची मजुरी कोण भरून देणार?

सहा : बिघडलं तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कुणाचा? हे लेखी द्याल का?

सात हा प्रश्न स्वतःला विचारायचा : हे मला हवं आहे, की कुणी टोमणा मारला म्हणून? पाहुणे बघायला येणार म्हणून? नवरा बोलतो म्हणून? दुसऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी आपलं अंग कापून घेतलं, तर ते तोंड उद्या दुसऱ्या कशावर तरी उघडेल.

त्या मुलीनं पहिले सहा प्रश्न दवाखान्यात विचारले. ऑपरेशन कोणते डॉक्टर करतील, हे तिथल्या बाईंना सांगता आलं नाही. "आज पैसे भरले तर सूट आहे," एवढंच त्या सांगत राहिल्या. मुलगी परत आली. सध्या तिनं थांबायचं ठरवलं आहे. पुढे तिनं चांगला सर्जन शोधला आणि करायचं ठरवलं, तर तो तिचा हक्क आहे. अंग तिचं, निर्णय तिचा.

आणि गटाचं काय? आमचं म्हणणं असं. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, पण तातडीचा उपचार आणि दिसण्याचं ऑपरेशन यांना एका रांगेत बसवता येत नाही. गटात पैसा थोडा असतो. त्याच महिन्यात कुणाला बाळंतपणासाठी, कुणाला खतासाठी लागतो. म्हणून असं कर्ज मागितलं तर आधी सातही उत्तरं घ्या, परतफेड कशातून होणार ते विचारा, आणि ठराव प्रोसिडिंगमध्ये स्पष्ट लिहा. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर आणि मानानं म्हणा. पाठीमागे हसू नका. गटानं नाही म्हटलं आणि हसून म्हटलं, तर ती बाई फायनान्सवाल्याकडे जाईल, आणि तिथे कुणी एकही प्रश्न विचारणार नाही.

ज्यांना बिनाखर्चाचं काही हवं आहे त्यांच्यासाठी एक व्यायाम. पाठीवर झोपा, टोंगळे दुमडा, पाय जमिनीवर टेकवा. कंबर आणि कुल्ले वर उचला, पाच मोजा, हळू खाली आणा. दहा-पंधरा वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस. दोन-तीन महिन्यांत स्नायू घट्ट होतो आणि कंबरेलाही आधार मिळतो. त्यासोबत डाळ, अंडी, मासोळी, जे घरी परवडेल ते पोटात जाऊ द्या. चोळून कुल्ले वाढवणारी क्रीम मात्र विकत घेऊ नका. बाहेरून चोळून चरबी आत भरत नाही. आधीच फसल्या असाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

पुढच्या बैठकीत हा विषय काढा. वयात आलेल्या पोरींना सोबत बसवा. त्यांच्या मोबाईलवरची जाहिरात सगळ्यांसमोर वाचा, आणि सातही प्रश्न तिला विचारून बघा. किती उत्तरं मिळतात ते आम्हाला कळवा.