घरातही ओव्हर द्या



नर्सिंगच्या मुला-मुलींच्या स्नेहसंमेलनात पाहुणीचं भाषण म्हणजे दोन नाचांमधला अडथळा, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे सेवा, त्याग वगैरे १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या भाषणांसाठी सोडते आणि नाइट ड्यूटी संपल्यानंतरचं बोलते.

सकाळी ड्यूटी सुटते. घरी पोचावं तर ओट्यावर रात्रीची भांडी तशीच, आणि दारातच ऐकू येतं, 'आज घरीच आहेस ना? मग गॅसवाला येईल, तेवढं बघ.' घरीच आहे म्हणे! रात्रभर पायांवर उभी असलेली बाई घरच्यांनी पाहिलेलीच नसते; त्यांना दिसते ती दिवसा झोपणारी.

वॉर्डातून तुम्ही ओव्हर दिल्याशिवाय निघता का? चार नंबर बेडचं सलाईन किती राहिलंय, लघवी किती झाली, दोन वाजता कोणतं इंजेक्शन, सगळं सांगून, लिहून मगच पर्स उचलता. आणि एकदा ओव्हर दिली की पेशंट पुढच्या सिस्टरचा. बसस्टॉपवरून 'सलाईन बदललं का गं?' असा फोन करत नाही. घरी मात्र नवऱ्याला नुसतं 'मुलांकडे बघ' म्हणतो आणि ड्यूटीवरून तीनदा फोन करतो. ही काय ओव्हर झाली? लस कोणत्या तारखेला, तापाचं औषध किती मिली, रिक्षावाल्या काकांचा नंबर, हे फ्रिजवर लिहून लावा. मग आमटीत मीठ जास्त पडलं तरी गप्प जेवा. बोललात की पेशंट परत तुमच्याकडे!

ड्यूटी लिस्ट लागली की फोटो आधी घरच्या ग्रुपवर टाका. नाइटनंतर खोलीत अंधार करा, मोबाइल बंद ठेवा, झोपा. धुणं कुठे पळून जात नाही. ड्यूटी सुटताना डोळे मिटत असतील तर स्कूटी तिथेच ठेवून बसने या. यात हयगय नको.

रजेचं नीट समजून घ्या, कारण आपल्यातल्या पुष्कळजणी इनचार्ज काय म्हणतील या भीतीने मागतच नाहीत. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, खासगी रुग्णालयातसुद्धा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते आणि दिवसातून चारदा बाळाला भेटता येतं. राज्य सरकारी नोकरीत वेगळी १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. अर्ज लेखी करा, पोच घ्या. तोंडी मागितलेली रजा तोंडीच नाकारली जाते.

मागच्या रांगेतल्या ब्रदर्सनो, हसू नका. उद्या तुमची बायको बँकेत असेल, शाळेत असेल, कदाचित आयसीयूत ड्यूटीवर असेल. वॉर्डात पेशंटची चादर बदलणाऱ्या हाताला घरात बाळाचं दुपटं जड होऊ नये.

आणि पालकहो, मुलीचं लग्न ठरवताना 'स्टाफ नर्स आहे, पगार चांगला आहे' हे अभिमानाने सांगता ना? त्याच बैठकीत तिला नाइट असते हेही सांगा. आणि मुलाला वरणभाताचा कुकर लावता येतो का, तेवढं विचारून या.