रोप उपटून बघू नका

श्रोतेहो, शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात कारखान्यांपाठोपाठ फ्लॅट झाले आणि फ्लॅटमध्ये माशांच्या काचेच्या टाक्या आल्या. मासे तुम्ही बरे सांभाळता. माझी तक्रार आहे ती टाकीतल्या वनस्पतींबद्दल. पुण्याहून हिरवंगार रोप आणायचं, आठ-दहा दिवसांत त्याची पानं काचेसारखी होऊन गळाली की ‘दुकानदारानं फसवलं’ म्हणत उपटून फेकायचं. अहो, ते रोप मेलेलं नसतं!

यातली बरीच रोपं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. हवेतल्या पानावर मेणचट थर असतो, श्वासाची छिद्रं असतात. पाण्याखाली ते पान निकामी. तिथं पातळ, पाण्यातूनच वायू शोषणारं पान लागतं. जुन्या पानाचं नवं होत नाही, म्हणून रोप जुनी पानं सोडतं आणि नवी काढतं. क्रिप्टोकोरिन तर कधीकधी सगळीच पानं टाकतं. त्याच्या काही जाती आपल्या कोकणात ओढ्याकाठी उगवतात, पावसाळ्यात पाण्याखाली आणि एरवी उघड्यावर. पानं बदलणं हा त्यांचा नित्याचा संसार आहे.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी कांदा होतो. रोप वाफ्यातून काढताना शेंडे छाटता, लागण करता, आंबवणी देता. तरी चार दिवस रोप मान टाकतं, पात पिवळी पडते. मग मधून नवी पात उभी राहते. त्या चार दिवसांत रोप उपटून मुळी धरली का बघणारा शेतकरी मला दाखवा! मग टाकीतच का हात चुळचुळतात? इथं तर चार दिवस नाही, दोन-तीन आठवडे द्यायचे. कांद्याच्या रोपाचे शेंडे छाटता तशी याची लांबलेली मुळं कात्रीनं छाटा, कुंडीतला लोकरीसारखा कापूस काढून टाका, बुडाला शिशाची पट्टी असली तर सोडवा. कांदा फार खोल लावत नाही ना? तसाच व्हॅलिस्नेरियाचा पोंगा वाळूत गाडू नका. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड तर वाळूत घालायचंच नाही, ते कुजतं. दोऱ्यानं दगडाला बांधा. सडकी पानं मात्र कापून काढा. ती टाकीत राहिली की अमोनिया होतो आणि मासे दगावतात. पान कापा म्हणालो, रोप उपटा नाही.

आता पाणी. आपल्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. म्हणून काही जण फिल्टरचं आरओ पाणीच टाकीत ओततात. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ उरतच नाही, रोप खाणार काय? व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कर्ब घेऊ शकतात. शिक्रापूरच्या बोअरला याच दोन लावून बघा. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन उडायला बादलीत एक दिवस उघडं ठेवा. दिवा सहा ते आठ तास पुरे. जास्त ठेवलात तर शेवाळाची चंगळ. वाळूखाली खत घालावं का, हा मोठा विषय आहे, पण घड्याळ पुढं चाललंय.

एक रागानं सांगतो. नको झालेली रोपं वेळ नदीत किंवा चासकमानच्या कालव्यात टाकू नका. जलपर्णीही अशीच बाहेरची, दक्षिण अमेरिकेतली; तिनं इंद्रायणीचं काय केलंय ते आळंदीला जाऊन बघा. वाळवा आणि मग कचऱ्यात द्या.

पुन्हा सांगतो, पानं गळाली तरी तीन आठवडे रोप उपटायचं नाही. शंका आलीच तर खोड दाबून बघा. टणक असेल तर थांबा, लिबलिबीत असेल तरच काढा.

रोपाबरोबर येणाऱ्या गोगलगाईंचं राहिलं. रात्री काकडीची चकती टाकीत सोडा, सकाळी तिच्यावर गोळा झालेल्या गोगलगाई चकतीसकट बाहेर काढा. अंड्यांचं मात्र… बरं, निर्मातेसाहेब हात करताहेत.